फोटो कुठला, फोटो कधीचा

आळेफाट्याहून नगरकडे जाणारा रस्ता बेल्हे ओलांडतो, गुळुंचवाडीच्या नैसर्गिक पुलाजवळून आणे घाट चढतो आणि पठारावर येतो. इथलं आणे गाव पंचक्रोशीबाहेर ओळखलं जातं ते रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीमुळे आणि त्या यात्रेतल्या आमटी-भाकरीच्या महाप्रसादामुळे. जुन्नर तालुक्यातल्या माणसाला मात्र आणे म्हटलं की आधी पाण्याची टंचाई आठवते. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे ही धरणं याच तालुक्यात आहेत. कुकडीच्या कालव्यांनी खालच्या गावांत ऊस, द्राक्षं, टोमॅटो उभे केले. पठार कालव्यांच्या वर राहिलं, आणि उपसा सिंचनाची मागणी इथं अनेक वर्षांची झाली आहे.

भाद्रपदात या पठाराचा फोटो काढला तर हिरवा उतार, पोटरीत आलेली बाजरी आणि खाली उतरलेले ढग दिसतात. चैत्रात त्याच बांधावरून, त्याच दिशेला तोंड करून काढला तर वाळलेलं गवत, उघडा मुरूम आणि तळ गाठलेली विहीर दिसते. दोन्ही फोटो खरे आहेत. पण घर-जमीन शोधायच्या वेबसाइटवर आणि ॲपवर आपल्याला पहिलाच दिसतो, त्याखाली ‘निसर्गरम्य फार्महाऊस प्लॉट, महामार्गाला लागून’ अशी ओळ असते, आणि मुंबईत किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये बसलेला माणूस आयुष्यभराच्या बचतीचा निर्णय त्या एका फोटोपासून सुरू करतो. २०१८ मध्ये जुन्नर हा पर्यटन तालुका जाहीर झाला, तेव्हापासून इथल्या जमिनीकडे बाहेरच्यांचं लक्ष अधिक वळलं आहे. म्हणून कॉम्प्युटर व्हिजन या विषयाची ओळख करून देणाऱ्या या पुस्तकाची सुरुवात मी कॅलिफोर्नियातून न करता आण्याच्या पठारावरून करतो आहे.

कॉम्प्युटर व्हिजन म्हणजे संगणकाला चित्र वाचायला शिकवणं. संगणकापुढे येणारा फोटो म्हणजे आकड्यांची चौकट असते: प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरव्या, निळ्या रंगाचे तीन आकडे. या आकड्यांतून कडा, कडांतून आकार, आकारांतून वस्तू ओळखण्याचे नियम माणसांनी हातानं लिहून पाहिले आणि ते फार पुढे गेले नाहीत. २००९ मध्ये ‘इमेजनेट’ हा नावं लावलेल्या लक्षावधी चित्रांचा संग्रह पुढे आला. २०१२ मध्ये त्यावर शिकवलेल्या ‘ॲलेक्सनेट’ नावाच्या न्यूरल नेटवर्कनं आधीच्या सगळ्या पद्धतींना मोठ्या फरकानं मागं टाकलं. तेव्हापासून नियम लिहिण्याऐवजी उदाहरणं दाखवण्याचा काळ सुरू झाला. उदाहरणं कोण गोळा करतं, कुठून करतं आणि त्यांना नावं कोण देतं, हे प्रश्न त्या दिवसापासून गणितापेक्षाही महत्त्वाचे झाले. त्यांच्याकडे मी पुढे परत येणार आहे.

योगायोग असा की त्याच २०१२ साली मुंबईत, आयआयटी पवईच्या विद्यार्थ्यांनी ‘हाऊसिंग’ ही कंपनी सुरू केली. त्यांना फोटोचं दुखणं नेमकं कळलं होतं. जाहिरातीतलं घर आणि प्रत्यक्षातलं घर जुळत नाही, म्हणून त्यांनी आपली माणसं घरोघर पाठवली आणि फोटो स्वतः काढून आणले. उपाय सरळ होता, प्रामाणिक होता, आणि अतिशय खर्चिक होता. शहरातल्या एका उपनगरात तो निभतो. देशभरच्या जाहिरातींना पुरत नाही. म्हणून आज अशा सेवांवरचे बहुतेक फोटो विकणारा किंवा एजंट स्वतः चढवतो, आणि ते तपासण्याचं काम यंत्राकडे येतं.

यंत्र तिथं काय करतं, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या प्रकरणांत ते सविस्तर आलेलं आहे. फोटो स्वयंपाकघराचा आहे की न्हाणीघराचा हे ओळखून ते क्रम लावतं. अंधारे, हललेले फोटो बाजूला काढतं. नकाशाच्या रेखाटनातून खोल्या मोजतं. एखाद्या घरासारखी दिसणारी दुसरी घरं शोधून देतं. अमेरिकेतल्या ‘झिलो’नं २०१९ मध्ये आपल्या किंमत-अंदाजातही फोटो वाचायला सुरुवात केली, म्हणजे ओट्याचा दगड पाहून घराची किंमत थोडी वर-खाली करायची. त्याच कंपनीनं अंदाजांच्या भरवशावर स्वतः घरं विकत घेण्याचा व्यवसाय मांडला होता. भाव इतक्या नेमकेपणानं आधी ओळखता येत नाहीत हे मान्य करून तिनं तो नोव्हेंबर २०२१ मध्ये बंद केला. किंमत सांगणाऱ्या यंत्राविषयी या पुस्तकात फारसं नाही, त्याचं हे एक कारण.

माझं म्हणणं वेगळं आहे. आतापर्यंत ही नजर मुख्यतः विकणाऱ्याच्या बाजूनं वापरली गेली: फोटो अधिक उजळ दिसावा, अधिक वेळा उघडला जावा, रिकाम्या खोलीत खोटा सोफा मांडता यावा. ती घेणाऱ्याच्या बाजूला उभी केली पाहिजे. बेल्ह्याच्या बैलबाजारात गिऱ्हाईक बैलाच्या अंगावरची झूल पाहून पैसे मोजत नाही. दात पाहतं, खूर पाहतं, चार पावलं चालवून पाहतं. ऑनलाइन जाहिरातीत घेणाऱ्याला असं काही करताच येत नाही, कारण जे दाखवायचं ते दुसऱ्यानं निवडलेलं असतं. यंत्रानं त्याच्या वतीनं प्रत्येक फोटोला दोन प्रश्न विचारायला हवेत: तू कुठला, आणि तू कधीचा?

‘कुठला’ या प्रश्नाची सर्वांत सोपी बाजू म्हणजे चोरलेले फोटो. फोटो लहान करून करड्या छटांच्या बारीक चौकटीत बसवला, शेजारशेजारच्या चौकोनांतला उजळ-काळोखाचा फरक नोंदवला, की ६४ शून्य-एकांची एक खूण तयार होते. फोटोचा आकार बदलला, थोडा रंग चढवला, कोपऱ्यात एजंटचं नाव छापलं, तरी खूण जवळपास तीच राहते. कर्जतच्या जाहिरातीतला बंगला आळेफाट्याच्या जाहिरातीत आला तर ते क्षणात पकडता येतं. हे तंत्र जुनं आहे, स्वस्त आहे. एकच फोटो दोन गावांच्या नावानं लावणारी जाहिरात आजही दिसत असेल, तर अडचण तंत्राची नाही, ते लावण्याच्या इच्छेची आहे.

दुसरी बाजू अवघड आणि जुन्नरसाठी फार मोलाची आहे. मोबाइलच्या फोटोत अक्षांश-रेखांश असतात, पण व्हॉट्सॲपवरून फिरला की ते गळून पडतात. मग जागा कशी ओळखायची? डोंगरांवरून. २०१२ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी आल्प्समधल्या फोटोंतली क्षितिजरेषा घेऊन ती उंचीच्या नकाशाशी ताडून पाहिली, आणि फोटो कुठून काढला ते शोधून दाखवलं. आपल्याकडे क्षितिजं काय कमी आहेत? शिवनेरी, चावंड, हडसर, लेण्याद्री यांच्या कडा एकमेकांपासून वेगळ्या ओळखू येतात. सह्याद्रीतला सपाट माथा आणि ताशीव कडा तर यंत्राला धरायला अधिक सोयीचा असावा असं मला वाटतं. जमिनीच्या उंचीची ३० मीटर अंतराची माहिती २००० साली अंतराळयानातून रडारनं गोळा केली गेली आणि ती आज कुणालाही फुकट मिळते. जाहिरातीत ‘शिवनेरीचं दर्शन’ लिहिलं असेल, तर त्या गटातून शिवनेरी दिसणं भूगोलानं शक्य आहे की नाही, एवढं तर फोटो न पाहताही मोजता येतं.

आता ‘कधीचा’. पठारावर हाच खरा प्रश्न आहे, आणि या पुस्तकातलं मला सर्वांत जवळचं प्रकरण याच प्रश्नावर आहे.

युरोपच्या ‘सेंटिनेल-२’ या उपग्रहांची जोडी २०१७ पासून साधारण दर पाच दिवसांनी प्रत्येक शिवारावरून जाते. त्यांच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतो, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे जवळपास १०१ चौरस मीटर. थोडक्यात, उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे एक गुंठा. हा मेळ कुणी ठरवून घातलेला नाही, पण मराठी माणसाला उपग्रहाचं चित्र समजावून सांगायला यापेक्षा चांगलं माप मिळणार नाही. वीस गुंठ्यांचा तुकडा म्हणजे वीस ठिपके. कडेचे काही शेजाऱ्याच्या बांधावर जातात, मधले आपले.

जिवंत पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवतं. उपग्रह दोन्ही मोजतो. त्यांच्या फरकाला बेरजेनं भागलं की हिरवेपणाचा एक आकडा मिळतो. पावसाळ्यात ढगांमुळे बरीच चित्रं वाया जातात. हरकत नाही, कारण आपल्याला पावसाळा पाहायचाच नाही. मार्च, एप्रिल, मे या महिन्यांत आभाळ स्वच्छ असतं आणि जमीन खरं बोलते. सलग पाच-सहा उन्हाळ्यांत त्या वीस ठिपक्यांवर हिरवं काही टिकलेलं दिसलं, तर तिथं पाणी आहे. फक्त श्रावण-भाद्रपदातच आकडा चढतो आणि दिवाळीनंतर उतरतो असं दिसलं, तर विहिरीबद्दल जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, जमीन पावसावरची आहे. एखाद्या वर्षीच हिरवी दिसली तर त्या वर्षी पाऊस चांगला झाला असेल. अशी सहा वर्षांची एक साधी रेघ प्रत्येक शेतजमिनीच्या जाहिरातीखाली काढून दाखवणं वेबसाइटला अवघड नाही. माहिती फुकट आहे, हिशोब लहान आहे.

आणि हा प्रश्न नुसत्या शोभेचा नाही. शेतजमिनीचे तुकडे पाडण्यावर बंधन घालणारा कायदा १९४७ चा आहे. त्याखालचं किमान क्षेत्र २०२३ मध्ये बदललं तेव्हा जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे ठरलं. शहरी भागासाठीचे नियम नंतर सैल झाले. पठारावरच्या शेतजमिनीला तो दिलासा गृहीत धरता येत नाही. त्यातही, १९४८ च्या कुळकायद्यामुळे जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. ‘पाच गुंठे, शेतघरासाठी’ अशी जाहिरात वाचताना घेणाऱ्यानं यातलं एक तरी वाक्य आठवावं. जमीन जिरायत की बागायत हे कागदावर ठरतं, पण पाण्याचा दावा आकाशातून पडताळता येतो, आणि ही पडताळणी घेणाऱ्याला आजवर कुणी हातात दिलेली नाही.

गंमत म्हणजे शेताचा फोटो पुरावा म्हणून वापरायची सवय आपल्या शेतकऱ्याला आधीच लागलेली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः गटात उभा राहतो, मोबाइलमधून पिकाचा फोटो काढतो, जागेच्या खुणेसह तो नोंदवतो आणि सातबाऱ्यावर पीक चढतं. फोटो, जागा आणि तारीख या तिन्ही गोष्टी तिथं एकत्र बांधलेल्या आहेत. जमीन विकण्याच्या जाहिरातीनं याहून कमी का द्यावं? सातबारा २०१८ पासून डिजिटल सहीचा मिळतो. जाहिरातीच्या फोटोला गट नंबर जोडण्याची सक्ती करायची ठरवली, तर शासनाच्या बाजूची निम्मी वाट बांधून तयार आहे.

गावठाणातल्या घरांची गोष्ट निराळी. शेताला सातबारा असतो, पण गावठाणातल्या घराला कित्येक ठिकाणी मालकीचा नकाशाच नव्हता. पुणे जिल्ह्यातल्याच पुरंदर तालुक्यात, सोनोरी गावात, ड्रोननं गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. भूमी अभिलेख विभाग आणि भारतीय सर्वेक्षण विभाग त्यात एकत्र होते. गावकऱ्यांनी आपापल्या हद्दी चुन्यानं आखायच्या, ड्रोननं वरून टिपायच्या, त्यावरून मिळकत पत्रिका द्यायची. २४ एप्रिल २०२० ला देशभर जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेला या कामाचा पाया मिळाला. मला त्यातला चुना फार महत्त्वाचा वाटतो. ड्रोनचा कॅमेरा कितीही सूक्ष्म असला तरी दोन भावांच्या भिंतींमधली हद्द कुठं आहे हे त्याला कळत नाही. ते त्या दोघांनी उभं राहून दाखवावं लागतं. फोटोला बोजा दिसत नाही, इतर हक्कातली नोंद दिसत नाही, वारसांची तक्रार दिसत नाही, वहिवाटीच्या रस्त्याचा तहसीलदारांकडे चाललेला दावा दिसत नाही. जी वेबसाइट यंत्रानं तपासलेल्या फोटोवर ‘पडताळलेली मालमत्ता’ असा शिक्का मारते, ती लोकांची दिशाभूल करते. पडताळला गेला तो फोटो. मालकी पडताळायला वकील, शोध अहवाल आणि तलाठ्याकडची फेरी लागतेच.

आता उदाहरणांच्या प्रश्नाकडे येतो. २०१९ मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी वस्तू ओळखणाऱ्या नावाजलेल्या सेवांना जगभरच्या घरांतले फोटो दाखवले. श्रीमंत घरातल्या वस्तू त्या बऱ्या ओळखत होत्या, गरीब घरातल्या चुकत होत्या. नेपाळमधल्या एका घरातला साबण त्यांना खाद्यपदार्थ वाटला. आता हेच डोळे घेऊन आण्यातल्या घरात शिरा. पडवी, ओसरी, माजघर, मोरी, गोठा, कणगी, अंगणातलं तुळशीवृंदावन. यांतलं काय त्यांना ओळखू येणार? गोठा असणं ही इथं मोठी जमेची बाजू आहे. परदेशी नमुन्यांवर शिकलेल्या यंत्राला तो पडका शेड वाटला तर घराचा दर्जा खाली जाईल, जाहिरात शेवटच्या पानावर पडेल, आणि विकणाऱ्या कुटुंबाला कारणही कळणार नाही. शोधाच्या भाषेचंही तसंच. चित्र आणि शब्द एकाच मापात बसवणारी ‘क्लिप’सारखी रचना २०२१ मध्ये आली, आणि शब्द लिहून चित्र शोधता येऊ लागलं. ती शिकली मुख्यतः इंग्रजी ओळींवर. ‘बारमाही विहीर, बांधावर आंबे, दारापर्यंत टेम्पो येतो’ असं मराठीत लिहिणाऱ्याला तिनं योग्य शिवार दाखवावं, यासाठी मराठीत नावं लावलेली, इथल्या घरांची आणि रानांची हजारो चित्रं लागतील. ती आपोआप तयार होणार नाहीत.

एक भीतीही स्पष्ट लिहून ठेवतो. घराच्या फोटोत देव्हारा असतो, भिंतीवर माणसांचे फोटो असतात, दाराशी मुलं उभी असतात. ज्या यंत्राला ओटा ओळखता येतो त्याला धर्म आणि जातही ताडता येईल. भाड्याच्या घरासाठी आडनाव विचारणारी शहरं आपण पाहिली आहेत. तेच काम कुणालाही न कळता यंत्र करू लागलं तर तक्रार कुणाविरुद्ध करायची? चेहरे आणि कागदपत्रं आपोआप पुसणं, आणि माणसांविषयीची कोणतीही खूण शोधाच्या क्रमवारीत न वापरणं, या दोन अटी मी तांत्रिक सूचना मानत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. पण या अटी कायदा बोट दाखवेपर्यंत थांबण्यासारख्या नाहीत.

जाहिरात तपासण्याच्या बाबतीत महाराष्ट्र मागे नाही, हेही नोंदवलं पाहिजे. महारेरा १ मे २०१७ पासून काम करतं. रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाई मागता येते. नुसते प्लॉट पाडून विकणाऱ्यालाही, जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर, नोंदणी केल्याशिवाय जाहिरात करता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक झाला. डिजिटल जाहिरातींवर लक्ष ठेवण्यासाठी महारेरानं जाहिरात मानक परिषदेची मदत घेतली, आणि त्या कामात यंत्राची नजर वापरली जाते: जाहिरातीच्या चित्रात नोंदणी क्रमांक आहे का, कोड आहे का. म्हणजे पहिलं पाऊल पडलेलं आहे. पण यंत्र अजून जाहिरातीवरची अक्षरं वाचतं आहे. त्यानं मागचा डोंगर आणि समोरचं गवत वाचायला शिकलं पाहिजे. कॅलिफोर्नियानं २०२६ पासून घरांच्या जाहिरातीतले बदललेले फोटो तसं सांगूनच लावण्याचं बंधन घातलं आहे. आपल्याकडे कृत्रिम बुद्धिमत्तेनं काढलेली कारंजी आणि क्लबहाऊस मुरमाड माळावर उभी राहू लागली आहेत, त्यांनाही तेवढा तरी नियम लागू व्हावा.

हे पुस्तक तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: जमीन किंवा घर घेऊ पाहणारे, प्रामाणिकपणे धंदा करणारे एजंट, आणि संगणकशास्त्राचे विद्यार्थी. पहिल्या दोघांनी गणिताची प्रकरणं ओलांडून गेलं तरी चालेल. तिसऱ्यांकडे मात्र माझी एक मागणी आहे. आणे घाटाच्या पायथ्याशी, बेल्ह्याजवळ बांगरवाडीला, समर्थ संस्थेचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशी महाविद्यालयं आता बहुतेक तालुक्यांत आहेत, आणि त्यांच्या प्रकल्पांच्या याद्यांत मांजर-कुत्रं ओळखणं वर्षानुवर्षं चाललेलं असतं. त्याऐवजी एका वर्गानं पठारावरचे शंभर गट निवडावेत, शेतकऱ्याच्या परवानगीनं. प्रत्येक गटाचा त्याच बांधावरून, त्याच दिशेला, ज्येष्ठात, भाद्रपदात, मार्गशीर्षात आणि चैत्रात फोटो काढावा. विहिरीतलं पाणी दोरीनं मोजावं. शेततळं, ताल, गोठा, पाणंद यांना गावात म्हणतात तीच नावं लावावीत. शेजारी त्या-त्या आठवड्याचे उपग्रहाचे आकडे ठेवावेत. पहिल्या वर्षी चुका होतील, काही गट सुटतील, मालकांची नावं संग्रहात येणार नाहीत याची काळजी घ्यावी लागेल. दुसऱ्या वर्षी पुढच्या वर्गानं तेच शंभर गट पुन्हा फिरावेत. संग्रह कसा रचायचा, परवानगीचा कागद मराठीत कसा लिहायचा आणि दोरीच्या मापाची नोंद कशी ठेवायची, हे शेवटच्या प्रकरणात दिलेलं आहे.